बेडक्याची बाटली

वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या चाळीत आमचा भाव वाढला. शेजारणी भाजीची वाटी घेऊन येत आणि वडिलांच्या उशाशी बसून हळहळत. क्षय असता तर त्याच बायांनी नळावरची आमची बादली पायाने बाजूला सारली असती.

मुंबईच्या इस्पितळात वडिलांना क्ष-किरणांचा शेक देत होते. गाठ विरत होती, पण खोकला वाढला आणि संध्याकाळचा ताप येऊ लागला. आमचे डॉक्टर म्हणाले, "तरुणपणी यांना क्षय होऊन गेलाय. शेकाने अंग खचलं की तो पुन्हा डोकं वर काढतो. बेडका तपासून आणा. आता इंजेक्शनं आहेत, घाबरू नका."

तरुणपणीचा क्षय आम्ही सगळ्यांपासून लपवला होता. माझं लग्न ठरलं होतं. मुलगा मोहने गावच्या कारखान्यात होता. त्याच्या आईने पत्रिकेच्याही आधी विचारलं होतं, "घरात क्षय वगैरे नाही ना?" दोन ठिकाणी मला नकार आला होता. हे तिसरं स्थळ हातचं जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

वडिलांच्या बेडक्याची बाटली ठाण्याच्या प्रयोगशाळेत पोचवायचं काम माझ्याकडे आलं. स्टेशनाबाहेरच्या गटारात मी ती रिकामी केली, नळावर खळखळून धुतली, घसा खाकरला आणि तिच्यात स्वतः थुंकले. प्रयोगशाळेतल्या माणसाने बाटलीवरचं वडिलांचं नाव तेवढं वाचलं.

रिपोर्टात जंतू निघाले नाहीत. डॉक्टर म्हणाले, मग हा खोकला गाठीचाच. इंजेक्शनांचा विषय संपला, शेक चालू राहिला. वडिलांनी तो कागद तीनदा वाचला. "सुटलो गं," मला म्हणाले, "माझ्यापायी तुझं लग्न मोडलं असतं." मला त्यांचा रागच आला. इतकं भोळं असू नये माणसाने.

लग्नात ते खुर्चीत बसून होते, अंगावरचा कोट खुंटीवर अडकवल्यासारखा. खोकल्याची उबळ आली तशी माझी सासू मागे सरकली. वडिलांनी घाईघाईने हात जोडले. "विहीणबाई, क्षय नाही हो. तपासून घेतलंय. कॅन्सर आहे, साधा कॅन्सर."

सासूचा जीव भांड्यात पडला. ती परत त्यांच्या शेजारी येऊन बसली.

दीड महिन्यात वडील गेले. तेराव्यानंतर डॉक्टरांनी शेवटचा एक्स-रे उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. "गाठ तर जवळजवळ गेली होती," ते म्हणाले. "मग माणूस कशाने गेला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, नशीब.