सारवलेल्या चुली

आक्का माणसाला आधी फैलावर घ्यायची आणि मग बसायला पाट द्यायची. हा क्रम कधी चुकला नाही. वखारीच्या दारात सावली पडली, मग ती पोस्टमनची असो, शेठजींच्या दिवाणजीची असो नाहीतर माझी, की आतून आवाज यायचा, "कोण मेलं तडमडलं भर दुपारचं?" आणि तो आवाज विरायच्या आत पाट मांडलेला असायचा, पाण्याचा तांब्या पुढं सरकवलेला असायचा. नवखा माणूस बिचकायचा. आम्हाला, तिच्याच गल्लीत वाढलेल्यांना, त्यात काही वाटत नसे. तिनं ओरडणं थांबवलं असतं तरच काळजी वाटली असती.

तिचं नाव काय होतं, हे मला नोकरी लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. पुढं ते मी माझ्या हातानं सरकारी कागदावर लिहिलं, आणि त्यानंतर जे केलं ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

निपाणीत तंबाखूच्या वखारी पुष्कळ. आमच्या गल्लीच्या टोकाला एका शेठजींची जुनी वखार होती. पत्र्याचं छप्पर गळकं झाल्यावर शेठजींनी माल दुसरीकडे हलवला आणि ही तशीच पडून राहिली. तिथं आक्का धरून नऊ बायका राहत. सगळ्यांनी उभा जन्म तंबाखूची पानं निवडण्यात घालवलेला. कुणी विधवा, कुणी टाकलेली, कुणाचं माणूस प्लेगात गेलेलं. हात थकले, तंबाखूच्या धुळीनं, खकाण्यानं छाती भरली, तसं काम सुटलं. जायला घर नव्हतं. एकेक करून त्या वखारीत आल्या आणि आक्कानं त्यांना ठेवून घेतलं. आश्रम नव्हे, धर्मशाळा नव्हे. त्याला नावच नव्हतं. गल्लीत सगळे नुसतं 'आक्काची वखार' म्हणत.

त्या नऊ जणींची चूल एक होती. सरपण म्हणजे तंबाखूच्या वाळक्या काटक्या, त्याही वेचून आणलेल्या. त्यात नऊ चुली पेटवणं परवडणारंच नव्हतं. पण आक्काचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, "चूल एक असली की घर असतंय. नऊ असल्या की तो बाजार." तानूबाईला डोळ्यांनी दिसत नव्हतं, तिच्या हातात भाकरी द्यायची आणि कालवणाच्या वाटीला तिचं बोट लावून द्यायचं. कल्लव्वा हुक्केरीकडची, कानडी बोलणारी, तोंडात एक दात नाही. तिची भाकरी आमटीत कुस्करून मऊ करायची. हे सगळं झाल्यावर आक्का शेवटी बसायची, आणि तिच्या ताटात काय उरलं आहे हे कुणी पाहू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून जेवायची.

मग लढाईची वर्षं आली. बाजारातला जोंधळा दिसेनासा झाला आणि धान्य रेशनवर आलं. कार्ड असेल त्याला दाणा, नसेल त्याला नाही. त्याच सुमाराला मी पुरवठ्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. तेवीस वर्षांचा होतो, नोकरी हंगामी होती, आणि टेबलापलीकडे उभ्या असलेल्या माणसांपेक्षा आपण कुणीतरी मोठे आहोत असं मला वाटू लागलं होतं.

आक्का अर्ज घेऊन आली ती कल्लव्वाला बरोबर घेऊन. माझ्या साहेबांनी कागद वाचला आणि विचारलं, "या नऊ जणी एकमेकींच्या कोण?"

"कोण म्हंजे? एका चुलीवर खातो आमी."

"नात्याच्या नाहीत. मग कुटुंबाचं कार्ड मिळणार नाही. ही संस्था झाली."

"बरं, तसं लिवा. संस्था तर संस्था."

"संस्था म्हणजे नोंदणी लागते. विश्वस्त लागतात. व्यवस्थापकाची सही लागते. आहे का कुणी?"

"मी हाय की."

"सही करता येते?"

आक्कानं अंगठा पुढं केला. साहेब हसले. शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. मीही हसलो. कल्लव्वाला यातलं काही कळलं नाही. सगळे हसताहेत म्हणून तीही आपल्या बोळक्या तोंडानं हसली.

त्याच आठवड्यात आमच्या कचेरीनं एका सधन जातीच्या विद्यार्थी बोर्डिंगला संस्थेचं कार्ड दिलं. त्यांच्याकडे छापील नियमावली होती, सात विश्वस्त होते. तुरुंगातल्या कैद्यांना शिधा ठरलेला होता. पोलिसांच्या घोड्यांनासुद्धा हरभरा मंजूर होता. जन्मभर राबलेल्या नऊ म्हाताऱ्या तेवढ्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हत्या. तेव्हा मला नियम किती बारकाईनं केला आहे याचं कौतुक वाटलं होतं.

आक्का शेठजींकडे गेली. त्यांनी व्यवस्थापक म्हणून सही केली असती तर प्रश्न मिटला असता. शेठजी म्हणाले, "मी तुम्हाला राहू दिलंय, हेच पुष्कळ. आश्रम चालवतो असं लिहून दिलं तर उद्या माझी वखार मला परत मिळेल का?" त्यांच्या मालाची पानं या बायकांनी तीस-तीस वर्षं निवडली होती.

एका संध्याकाळी मी कचेरीतून घरी निघालो होतो, तेव्हा तिनं मला रस्त्यात गाठलं. "काय रं रावसाब, तुजी आय आन् मी एका पानवट्यावर पाणी भरलंय. कायतरी वाट सांग की."

आणि मी वाट सांगितली. शहाणपणा दाखवायची हौस होती. म्हटलं, "आक्का, प्रत्येकीची चूल वेगळी असती तर नऊ वेगळी कार्डं मिळाली असती. एकटं माणूस आणि स्वतंत्र चूल, एवढंच नियमात हवं."

ती म्हणाली, "म्हंजे एकत्र खाल्लं तर उपाशी ऱ्हायाचं, आन् येगळं खाल्लं तर सरकार देणार? कुणाच्या डोसक्यातनं निघालंय रं हे?" पण अर्ज तिनं केला. नऊ अर्ज, नावं माझ्या हातानं लिहिलेली, खाली नऊ अंगठे. आणि चौकशीला साहेबांनी मलाच पाठवलं, एकट्याला. "तुझ्याच गल्लीतलं आहे. चुली बघून ये. वापरात आहेत का ते नीट लिही."

मी गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. "मेला येळंच्या आदीच उगवला!" आतून आवाज आला. "शेन वाळू दे की जरा!"

वखारीच्या दोन्ही भिंतींना लागून नऊ चुली मांडल्या होत्या. तळ्याची माती आणून आक्कानं आपल्या हातानं घातलेल्या. प्रत्येक चूल शेणानं लख्ख सारवलेली, कडेनं पांढऱ्या मातीचं बोट ओढलेलं, पुढं रांगोळीचे चार ठिपके. एखाद्या सणाला काढावं तसं. प्रत्येक चुलीपाशी एकेक म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून बसली होती. तानूबाई तर आपली चूल चाचपून बघत होती, कुठं आहे ती चुकू नये म्हणून.

एकाही चुलीत राख नव्हती. एकाही चुलीला धुराचा डाग नव्हता. मागं गोणपाटाचा पडदा होता आणि त्यापलीकडून धूर येत होता. काळीकुट्ट, जुनी, मोठी चूल तिथं होतीच.

"आक्का, या चुली पेटवल्या होत्या का कधी?"

"काल पेटीवल्या की समद्या! गल्लीच्या कोपऱ्यावर ऱ्हातो त्या साळंच्या मास्तरनंच सांगिटलं, काळ्या करून ठेव म्हनून. पर लई घान दिसाय लागल्या रं. तू येणार, सरकारचं मानूस येणार, आन् राखंच्या चुली दावायच्या व्हय? आमच्यात पावण्याम्होरं अशी चूल कुनी दावत न्हाय. म्हनून मीच उठून सारीवल्या."

ती हे अभिमानानं सांगत होती. आपला एकुलता एक पुरावा तिनं स्वतःच्या हातांनी पुसून टाकला होता, कारण घरी माणूस येणार होतं. ते माणूस मी होतो.

"पण यांच्यावर रोज रांधता का?" मी विचारलं. फॉर्ममध्ये तसा प्रश्न होता: चूल नित्य वापरात आहे काय?

आता तिच्या ध्यानात आलं. तिचा आवाज उतरला. "रांधायला दाना कुठाय, लेकरा? कारड दे, मग रांधतो. कारडाबिगर चूल पेटंना, आन् चूल पेटल्याबिगर तू कारड देईनास. आमी करायचं काय?"

कल्लव्वा आपल्या चुलीपाशी बसून मला पुन्हा पुन्हा विचारत होती, "ऊटा आतेनु? ऊटा आतेनु?" जेवलास का, म्हणून. आक्का पडद्यामागं गेली आणि मला भाकरी नि लाल मिरचीचा खरडा घेऊन आली. कुणाकडून तरी मागून आणलेल्या पिठाची ती भाकरी असणार. मी ती खाल्ली. नको म्हणालो नाही. नऊ जणी मला खाताना बघत होत्या.

मग कचेरीत येऊन लिहिलं: नऊ चुली पाहिल्या. नव्याने केलेल्या आढळल्या. नित्य वापरात नाहीत. सर्व इसम एकाच चुलीवर जेवतात.

खोटं एक अक्षर नव्हतं. साहेब खूश झाले. "अहवाल असा हवा," म्हणाले. मला कायम करण्याची शिफारस त्याच महिन्यात गेली. भीती होती असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. आमच्यातला एक जण खोट्या नोंदीपायी घरी बसला होता, हे खरं आहे. पण वखारीत माझ्यासोबत दुसरं कुणी नव्हतं. 'वापरात आहेत' एवढे दोन शब्द लिहिले असते तर माझं काय झालं असतं? काहीही नाही.

नऊही अर्ज नामंजूर झाले.

मग एकच मार्ग उरला, आणि तो म्हणजे पांगणं. ज्यांचं कुठं कुणी होतं त्या तिकडं गेल्या. एक संकेश्वरला भाचीकडे, एक अकोळला दिराच्या मुलाकडे, चौघी कोल्हापूरला कुणाकुणाच्या घरी धुणंभांडी करायला. त्यांचं वय धुण्याभांड्याचं होतं का? जाताना प्रत्येकीनं आपापली नवी चूल फोडली. आक्कानंच फोडायला सांगितलं. "वापरात न्हाय म्हनं," ती म्हणाली. "मग कशाला ठेवता?"

कल्लव्वाला तिचा पुतण्या हुक्केरीकडे घेऊन गेला. त्याच्या कार्डात तिचं नाव घालण्यासाठी त्यानं अर्ज केला. तिकडच्या कचेरीनं नियमाप्रमाणं आमच्याकडे विचारणा केली: सदर बाईचे नाव पूर्वीच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला पाठवावा. पूर्वीचं कार्ड! ते मिळालं असतं तर ती निपाणी सोडून गेली असती का? उत्तर मीच पाठवलं, 'अशी नोंद आढळत नाही.' दीड महिन्यानं कागद फिरून आला. खाली लाल शाईत लिहिलं होतं: अर्जदार मयत. प्रकरण निकाली. पुतण्याचा निरोप गल्लीत आला त्यात म्हटलं होतं की म्हातारी घरातल्या पोरांच्या वाटचं खायला तयार नव्हती. कार्डात आपलं नाव नाही, हे तिला कुणीतरी कानडीत नीट समजावून सांगितलं होतं.

त्या दिवशी मी कचेरीत कामावरून उठलो नाही. कागद फाइलला लावला आणि पुढचा घेतला. माणूस म्हणून माझी किंमत मला त्या पुढच्या कागदानं कळली.

वखारीत आता आक्का आणि तानूबाई दोघीच उरल्या. आंधळ्या बाईला कोण नेणार? एका दुपारी आक्का तिचा हात धरून कचेरीत आली. साहेब दौऱ्यावर होते. ती टेबलासमोर उभी राहिली. तानूबाई तेवढी हवेत हात फिरवून टेबल कुठं आहे ते शोधत होती.

मी कोरा फॉर्म ओढला. दोघींची नावं लिहिली. आडनाव वेगळं, गाव वेगळं, जातही वेगळी. 'नाते' या रकान्यापाशी लेखणी थांबली, आणि मग मी लिहिलं, सख्खी बहीण. 'चौकशी केली, खरे आढळले,' अशी खाली सही ठोकली. पाव तासात कार्ड तयार झालं.

"काय लिवलंस?" आक्कानं विचारलं.

"तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी आहात, असं."

तिनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात, चिडून नव्हे, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, "मग तवा नऊ बहिनी लिवल्या असत्यास, तर तुजी शाई सपली असती व्हय रं?"

उत्तराची वाट न बघता तिनं कार्ड पदराला बांधलं आणि तानूबाईला सांभाळून पायऱ्या उतरवल्या. पुढच्या वर्षी शेठजींनी वखार पाडली. दोघी गडहिंग्लजच्या बाजूला गेल्या असं कळलं. नंतर काही कळलं नाही. मी शोधही घेतला नाही.

ते कार्ड मात्र वखार पडेपर्यंत चाललं. दर पंधरवड्याला दुकानदारानं त्यावर दाणा दिला. दोनदा तपासणी झाली, एकदा वरच्या कचेरीचे साहेबही येऊन गेले. ते 'सख्खी बहीण' खरं की खोटं, हे कुणीही विचारलं नाही.