कणकुंबीची कॅसेट

निपाणीचा एकमेव जाझवादक गेला. शोकसभेत हे वाक्य मी म्हटलं तेव्हा बुद्धविहाराच्या सभागृहात सगळ्यांनी माना हलवल्या. हरकत कुणी घेतली नाही, कारण समोरच्यांपैकी कुणी जाझ ऐकलेलं नव्हतं. मी जे ऐकलं तेही बाळूकडूनच, तेव्हा माझ्या विधानाला साक्षीदार एकच होता आणि तो हार घातलेल्या फोटोत होता. माझ्यानंतरच्या वक्त्यांनी त्याला सनईसम्राट म्हटलं. बाळूनं जन्मभर क्लॅरिनेट वाजवलं.

सभा संपल्यावर सुजाता, त्याची मुलगी, माझ्याजवळ येऊन बसली. बेळगावला कॉलेजात शिकवते. म्हणाली, "काका, माझ्या लेकीनं आण्णांचं वाजवणं एकदाबी ऐकलेलं न्हाय. कुठं काय रेकॉर्ड असंल का?" मी "बघू" म्हटलं. नाही म्हणवत नाही तेव्हा मी बघू म्हणतो.

बाळू आणि मी शाळेत एका बाकावर होतो. पुढं मी शिक्षक झालो, तो तंबाखूच्या वखारीत लागला आणि लग्नसराईत चुलत्याच्या, म्हणजे आप्पांच्या, बँडमध्ये वाजवू लागला. त्याच सुमाराला बेळगावच्या कॅम्पात त्याला गोव्याचे एक म्हातारे मास्तर भेटले. तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवायचे. त्यांच्याकडे झिजलेल्या तीन तबकड्या होत्या. बाळू दर रविवारी एसटीनं जायचा, त्या तीनच तबकड्या ऐकायचा आणि परत यायचा. सुट्टीच्या दिवशी वखार रिकामी असे. मी पोत्यांवर आडवा व्हायचो, तो खांबाला टेकून वाजवायचा. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या बारीक काठ्या खाली उतरलेल्या, त्यांत तंबाखूची धूळ फिरतेय, आणि त्या धुळीच्याच चालीनं सूर फिरतोय... कुठं निघालाय त्याला ठाऊक नाही, घाईही नाही. मला झोप यायची. झोपेतही तो सूर चालू असायचा, फक्त वखार जरा मोठी झालेली असायची. मधेच बाळूला शिंक यायची आणि मी जागा व्हायचो.

"हे जाझ म्हणजे असतं तरी काय रं?" मी एकदा विचारलं.

त्यानं क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती जिभेनं ओली करत विचार केला. "गाणं घरला निघालंय. पण वाटंत कुणाच्यात तरी च्या प्यायला थांबलंय. घरचं लोक वाट बघत्यात, त्येला म्हाईत हाय. तरीबी बसलंय."

वरातीत तो हेच करायचा. कडवं संपून धृपद यायच्या आधी त्याचं गाणं चहाला थांबायचं. ढोलवाले गोंधळायचे. आप्पा ओरडायचे, "बाळ्या, नवरा घोड्यावर हाय. तुझं झाल्यावर लगीन लावायचं व्हय?" "आलो की, आप्पा," म्हणत तो गाण्यावर यायचा. लोकांना वाटायचं, चुकला. तो चुकत होता की वाजवत होता, हे मलाही छातीठोकपणे सांगता यायचं नाही.

शेवटी दात गेले, मग दम गेला. क्लॅरिनेट मांडीवर घेऊन तो नुसती बोटं चालवत बसे. नात विचारायची, "आजोबा, हे बंद पडलंय?" "ते चालू हाय गं. मी बंद पडलोय."

तर सुजाता आणि मी शोधायला लागलो. त्यानं वाजवलेल्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी घरोघरी निघाल्या. पण आमच्याकडच्या शूटिंगवाल्यांची एक रीत होती. वरात आली की मूळ आवाज काढून टाकायचा आणि वर सिनेमाचं गाणं चढवायचं. याला मिक्सिंग म्हणत. एकामागून एक कॅसेट लावली. बाळूचे गाल फुगतायत, बोटं पळतायत, आणि ऐकू येतेय भलतीच कुणी गायिका. सातव्या लग्नानंतर सुजातानं रिमोट खाली ठेवला. "काका, ऱ्हाऊ दे. न्हायच मिळणार."

मला मात्र खानापूरचा एक म्हातारा शूटिंगवाला आठवला. फोनवर तो म्हणाला, "मिक्सिंग न केलेली एकच हाय बघा, कणकुंबी गावच्या लग्नाची. महिन्यात लगीन मोडलं, मग कॅसेट न्यायला कोण येतंय?"

मागच्या रविवारी आम्ही ती लावली. सुजाता, तिची लेक आणि मी. जेवणाची वेळ असावी. "भात आणा रं" अशा हाका, पत्रावळ्यांची सळसळ. बँडही जेवायला बसला असणार, कारण क्लॅरिनेट एकटंच होतं. त्याला गाण्यावर बोलवायला कुणी नव्हतं. सूर निघाला, वळला, कणकुंबीच्या झाडीत शिरला, तिथंच रेंगाळला... मला पोत्यांचा वास आला. सुजातानं डोळे मिटले होते. पोरगी आईच्या मांडीवर न हलता ऐकत होती. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाली, "आई, आजोबा कुठं हायत?"

ते दिसत नाहीत. शूटिंगवाला कॅमेरा चालूच ठेवून जेवायला गेला होता, आणि कॅमेऱ्याचं तोंड मांडवाबाहेर काढलेल्या चपलांकडे होतं. अकरा मिनिटं पडद्यावर चपलाच आहेत. मधे एक माणूस येतो, दोन जोड घालून बघतो आणि तिसरा घालून निघून जातो.