तळघराची किल्ली

आमच्या भावोजींचं काम सांगितलं की लोक आधी हसतात. खेळ छापणाऱ्या एका कंपनीत ते चाचणी घ्यायचे. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, कोणी चोर होतो, कोणी वैद्य, आणि गेम मास्टर म्हणून बसलेला एक जण पुस्तकातली गोष्ट पुढे नेतो. अडलं की फासे टाकायचे. अशा खेळांची पुस्तकं ती कंपनी काढते.

छपाईआधी भावोजी कच्ची प्रत अनोळखी मंडळींच्या हाती देत आणि स्वतः कोपऱ्यात बसत. कोणी काही विचारलं तरी हूं की चूं नाही. "विकत घेणाऱ्याच्या घरी मी थोडाच असणार आहे?" असं त्यांचं म्हणणं. गाडी अडली की लेखकाकडून दुरुस्ती, मग पुन्हा नवी मंडळी. मनासारखं झालं तरच पहिल्या पानावर 'चाचणी' या शब्दापुढे त्यांचं नाव पडे. खेळणारे दुकानात आधी ते पान उघडायचे. घरीही तोच खाक्या. नवी गाळणी आणली तरी उजेडात धरून बघणार. "मला पसंत करताना किती वेळ लावला असेल, विचार कर," ताई म्हणते.

गेल्या वर्षी एक जाडजूड पुस्तक आलं. त्यात गोष्ट पुढे जायची तर तळघर उघडायला हवं, आणि तळघराची किल्ली तळघरातल्याच पेटीत! भावोजींनी मुद्दाम काही न सांगता मंडळी बसवली. गेम मास्टर तिथे पोचला, पान उलटसुलट केलं आणि बिनदिक्कत म्हणाला, "किल्ली पायपुसण्याखाली सापडते." दुसऱ्या टेबलावरच्या गेम मास्टरने कुलूपच गंजकं ठरवलं, एका लाथेत तुटणारं. तक्रार कोणाचीच नाही. उलट "काय डोकं चालवलं बघ!" म्हणून स्वतःचीच पाठ थोपटणं. या खेळाडूंची ही सवय माझ्या डोक्यात जाते. दुकानदाराने फाटका सदरा गळ्यात मारावा आणि आपण घरी येऊन आपल्या शिवणकामाचं कौतुक करावं, तसं.

भावोजी दुरुस्तीसाठी हटून बसले, तेव्हा कंपनीचा मालक घरी आला. वयाने भावोजींपेक्षा लहान, बोलायला साखर, आणि समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय वाक्य पुरं न करणारा. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच थांबले.

"किल्ली राहू द्या हो तिथेच," तो म्हणाला. "निम्मे लोक पुस्तकाचा फोटो काढतात आणि कपाटात ठेवतात. उरलेले घेतात जुळवून. नंतर आपण किल्लीची पुरवणी काढू. वेगळी विकायची."

"म्हणजे चूक माहीत असून ठेवायची?"

"चूक काय म्हणता? संधी म्हणा."

"मग माझं नाव काढा."

"नाव?" तो हसला. "अहो, पुस्तक खपतं तेच मुळी तुमच्या नावावर."

आणि पुन्हा खांद्यावर हात. त्याचा उष्टा कप उचलताना मला अक्षरशः शिसारी आली.

भावोजींनी नोकरी सोडली. पुस्तक मात्र त्यांच्या नावासकट बाहेर पडलं. ताई म्हणाली, "जाऊ द्या ना हो, कोण बघतंय?" त्यावर ते इतकंच म्हणाले, "बघतात. म्हणून तर छापलंय."

पुस्तकाचा प्रकाशन सोहळा एका खेळाच्या दुकानात होता. भावोजी गेले, मीही गेले. त्यांनी दारातच लोकांना सांगायला सुरुवात केली, "हे मी पास केलेलं नाही. किल्ली आतच राहिलीय." लोक ओळखीचं हसले. "काका, आम्ही काढू की मार्ग!" एकीने कौतुकाने आपली प्रत पुढे केली, "सही द्या ना."

भावोजींनी पहिलं पान उघडलं. 'चाचणी' शोधलं आणि पुढचं आपलं नाव खोडलं, पुन्हा पुन्हा, कागद फाटेपर्यंत. मला बरं वाटलं. वाटलं, आता तरी या लोकांना कळेल.

"अय्या!" ती बाई जवळजवळ उडालीच. "अशी प्रत दुसऱ्या कोणाकडेच नसेल!"

झालं! क्षणात रांग लागली. "काका, माझ्यातही खोडा ना." "माझ्यात जरा जास्त फाडा हं." ज्याच्या शब्दावर विसंबून ही माणसं पुस्तकं घेत आली, तो समोर उभा राहून नाही म्हणत होता, आणि यांना त्याची आठवणवस्तू हवी होती. मालकाने तोवर खुर्ची आणून ठेवलीसुद्धा. "बसा, बसा. सावकाश खोडा, सगळ्यांना मिळेल."

भावोजी उभेच होते. पेन हातात, समोर उघडी पुस्तकं. खोडलं तर मालकाचाच माल खपणार, आणि नाही खोडलं तर नाव तसंच राहणार. मी पेन काढून टेबलावर टाकलं आणि त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

आम्ही दारात असतानाच मालकाने आवाज चढवला. "मंडळी, नाराज होऊ नका! पुढच्या आवृत्तीत यांचं नाव खोडूनच छापू!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.