वहिनी कुठे उभी असते

आमच्या बेकरीत तिला सगळेच वहिनी म्हणत, कारण तिची नणंद पॅकिंगच्या टेबलावर होती आणि दिवसभर ‘वहिनी, वहिनी’ करत असे. वहिनी भट्टीवर. तापलेले ट्रे ओढून काढायचे आणि पाव जाळीवर उपडे करायचे, हे तिचं काम. पण लक्ष चौफेर. पीठ मळणारी बाई डोळे धुवायला गेली, की वहिनी न बोलता यंत्रापाशी हजर.

नणंदेला आम्ही वावटळ म्हणायचो. बेकरीच्या बायकांच्या फुटबॉल संघात ती उजवीकडची बचावपटू होती, निदान नावापुरती. शिट्टी वाजली की बाईसाहेब बॉल घेऊन जे सुटायच्या ते थेट समोरच्या गोलपर्यंत. मागे मोकळं रान! त्या रानातून समोरच्या बायका धावत यायच्या, आणि गोलमध्ये मी. मी एकटी किती जणींना पुरणार?

एकदा आमची एक खेळाडू आलीच नाही. वहिनी सामना बघायला आली होती. आम्हाला शिकवणारे निवृत्त बसचालक, आमचे ड्रायव्हरकाका, तिला म्हणाले, “वहिनी, मागे मधोमध नुसत्या उभ्या राहा.”

वावटळ उधळली आणि वहिनी सरकत सरकत तिच्या जागी गेली. चाल करून आलेलीला वाटच मिळेना. तिने गोंधळून बॉल बाहेर घालवला. काका खूश झाले, पण पुढच्याच चालीला गोल झाला, कारण वहिनी उजवीकडे गेली आणि मधली जागा उघडी पडली.

“एकीनं जागा सोडली की सगळ्यांनी थोडं थोडं सरकायचं,” काकांनी त्या दिवसापासून आमच्याकडून घोकवून घेतलं. “आणि तोंडानं बोलायचं! मुक्यानं बचाव होत नाही.”

वहिनी बोलायला लागली. “मी आहे, तू जा!” “डावीकडे सर!” मैदानभर तिचा आवाज घुमायचा. आमच्यावर होणारे गोल आटले.

तिच्या नवऱ्याला मात्र यातलं काहीच दिसत नव्हतं. तो शिंपी, दुकान बंद करून सामन्याला यायचा आणि बहिणीसाठी घसा बसेपर्यंत ओरडायचा. घरी जाताना बायकोला म्हणायचा, “अगं, तुझा पाय तर बॉलला लागतच नाही. तू करतेस काय तिथे?”

“उभी असते,” वहिनी म्हणायची.

बिनसलं ते नणंदेचं. एका सामन्यात ती मागे वळली, तर तिच्या जागेवर वहिनी. तिचा पारा चढला. “घरात माझ्यामागे, कामावर माझ्यामागे, आता इथेही? माझ्यावर भरवसा नाही का तुझा?”

वहिनीचा चेहरा उतरला. “बरं,” एवढंच म्हणाली आणि पुढच्या सामन्यात मधोमध खांबासारखी उभी राहिली. ना सरकली, ना बोलली. माझ्यावर गोलांची बरसात झाली. शेवटी मीच वैतागून ओरडले, “तुमचं घरचं भांडण घरी ठेवा गं! मार मी खातेय!”

दोघींना एकदम हसू फुटलं. वावटळ धापा टाकत वहिनीपाशी आली. “मी पुढे बिनधास्त पळते, ते तू मागे असतेस म्हणून. आज मागे बघून बघून माझी मान आखडली.”

“मग सरळ सांगायचं ना,” वहिनी म्हणाली.

शेवटचा सामना अग्निशमन दलाच्या बायकांशी होता. शिडी खांद्यावर घेऊन जिने चढणाऱ्या त्या, दमणार कुठून? तरी वावटळीच्या पासवर आम्ही एक गोल चढवला. मग त्यांनी आमचा नुसता पिच्छा पुरवला. सामना संपत आला असताना बॉल अडवायला मी गोल सोडून पुढे धावले आणि हुकले. मागे वहिनी होती, पण ओल्या गवतावर तिचा पाय सटकला आणि ती आडवी झाली. त्यांच्या आघाडीच्या खेळाडूपुढे रिकामा गोल!

इतक्यात कुणीतरी तीरासारखं माझ्या शेजारून गेलं. वावटळ! समोरच्या टोकाकडून पूर्ण मैदान कापत आली होती. बॉल हलकेच अडवणं वगैरे तिला जमत नसे. तिने असा काही टोला हाणला, की बॉल कुंपणावरून उडून पलीकडच्या लॉन्ड्रीच्या वाळत घातलेल्या चादरींत जाऊन पडला. तो शोधून आणेपर्यंत आम्ही सगळ्या आपापल्या जागी उभ्या होतो. थोड्याच वेळात शिट्टी वाजली. जिंकलो!

“तू कशी काय मागे आलीस?” वहिनीने चिखल झटकत विचारलं.

“तुझा आवाज बंद झाला. म्हटलं, काहीतरी घोटाळा आहे.”

संध्याकाळी त्यांच्याकडे मला जेवायला बोलावलं होतं. शिंपीदादाने ताटं बाजूला सारून टेबलावरच सामना मांडला. पेले म्हणजे अग्निशमन दल, चमचे म्हणजे आम्ही, मिठाचं भांडं म्हणजे वहिनी. “बघा, ही उजवीकडे गेली, तेव्हा ही मध्ये सरकली. लोकांना कळतच नाही. खरा खेळ मागे चालतो!” जणू हे त्यानेच शोधून काढलं होतं.

वावटळीला हसू आवरेना. वहिनी भाजीचा घास तोंडात घेऊन थांबली.

“अहो,” ती म्हणाली, “मला जरा इकडे सरकवा. भाजी अळणी झालीये.”