दारातून निघणारी गाडी

"एसटी नको. स्टँडवर रडारड झाली तर चारचौघांत शोभा. गाडीच करा... दारातून निघता येतं."

आई हे बोलली तेव्हा मी पॅसेजमध्ये केस पुसत उभी होते. आत टेबलावर बाबांनी रेल्वेचं टाइमटेबल उघडलं होतं, दादा पेन्सिल चावत बसला होता आणि वहिनी त्या तिघांना गरम पोळ्या वाढत होती. मला कळेना, रडारड कोणाची? आपण तर देवीच्या दर्शनाला निघालोय!

पुढचं लिहिण्याआधी एक सांगते. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये चॅपलमागच्या जिन्यावर एक नन दिसते म्हणायचे. मी मुद्दाम त्याच जिन्यावर बसून डबा खायचे, कारण तिथे बोलायला कोणी येत नसे. तुमच्या अंकातल्या या सदरातले भुतांचे अनुभव दादा रविवारी मोठ्याने वाचून दाखवायचा आणि आम्ही सगळे हसायचो. तेव्हा आता कोणी मला हसलं तर मी समजू शकते.

आम्ही मुलुंडला राहतो, स्टेशनच्या पश्चिमेला, पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला एकच दार, ते पॅसेजमध्ये उघडतं. खिडकीला गज आहेत. मागचं दार नाही, पोटमाळा नाही. रेल्वेचा मोठा संप झाला त्याच वर्षीची ही गोष्ट, दिवाळीनंतरची. दादा भांडुपच्या एका कारखान्यात नुकताच ऑफिसर झाला होता.

आणि वहिनीला ऐकू येत नव्हतं. जन्मापासून नाही हं. लग्नानंतर दादाला टायफॉइड झाला, तिने रात्रंदिवस त्याचं केलं, मग तिलाच झाला. दादा खडखडीत बरा झाला. तिचे कान गेले. अगदी तोंडासमोर मोठ्याने बोललं तर थोडं पोचायचं. आपल्या हातचा आवाजही तिला कळत नसे, म्हणून भांडी ठेवायची ती दणकन. पातेलं ओट्यावर — दण्ण! आई प्रत्येक वेळी म्हणायची, "फोड, सगळं फोड एकदाचं." वहिनी हसायची. तिला वाटायचं, आई काहीतरी मजेचं बोलल्या.

म्हणून तर तो बेत तिच्यासमोरच ठरला. ती वाढत होती आणि हे ठरवत होते.

"सकाळी कोल्हापूरला उतरायचं," बाबा म्हणाले. "गाडी दिवसभरासाठी सांगितली आहे. आधी महालक्ष्मी, मग गारगोटीच्या पुढे सुनेचं गाव. परतीची ट्रेन संध्याकाळची."

"तिथे किती वेळ?" दादाने विचारलं.

"चहा होईपर्यंत," आई म्हणाली. "जेवायला बसवतील, बसायचं नाही. अगं, तूप वाढ की याला... तूप, तूप!" शेवटचं वाक्य वहिनीला, हाताच्या खुणेसकट.

परतीच्या रिझर्वेशनसाठी तिकडच्या स्टेशनला तार करावी लागते. बाबांनी तारेचा मजकूर मोठ्याने वाचला. चार बर्थ.

मी आत गेले. "बाबा, आपण पाच जण आहोत."

"मोजता येतं मला."

"तू तुझा अभ्यास बघ," आई म्हणाली. "ऑफिसरच्या बायकोला पार्टीत कोणी नमस्कार केला तर ही 'जेवलात का' म्हणून विचारते. त्याने जन्मभर हेच बघायचं का?"

दादाने पोळीचा तुकडा मोडला आणि वहिनीकडे बघून बोटाने खूण केली, अजून एक. तिने पटकन वाढली.

वहिनी तीन वर्षांत माहेरी गेली नव्हती. ती बेसनाचे लाडू करायला बसली. मला साड्या दाखवायला लागली, ही नेसू का ती? मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "वहिनी, ते तुला तिथेच सोडून येणार आहेत." माझा आवाज मुळातच लहान. तिने माझ्या ओठांकडे नीट बघितलं. ऐकू आलं नाही की ती एका ठरावीक तऱ्हेने मान हलवायची, तशी हलवली. "व्हय की, मी पण तेच म्हणत होते. हिरवीच बरी!"

ट्रेनमध्ये मी पुन्हा सांगितलं. आई समोरच्या बाकावर होती, तेव्हा जरा कुजबुजूनच. वहिनीने मोसंबं सोललं आणि अर्धं माझ्या हातात ठेवलं.

कोल्हापूरला काळी अॅम्बॅसेडर उभीच होती. दर्शन झालं. वहिनीने देवीपुढे बराच वेळ डोळे मिटले होते, आणि आईने तिच्या कोपराला हात लावून घड्याळ दाखवलं. पुढे रस्ताभर ऊस. गुऱ्हाळांचा गोड, जळका वास गाडीत येत होता. वहिनी प्रत्येक वळणावर मला काहीतरी दाखवायची... ही आमची शाळा, हा ओढा. अशी बडबडताना मी तिला मुलुंडला कधी बघितलं नव्हतं.

तिची आई अंगणात उभी होती. विधवा बाई, एकटी. तिने आम्हा सगळ्यांच्या पायांवर पाणी घातलं. चहा झाला. जेवायचा आग्रह झाला, आईने हसून नको म्हटलं. "गाडी मिळायची नाही हो आमची."

"मग ओटी तरी भरते पोरीची," तिची आई म्हणाली. सासरी निघालेल्या लेकीची ओटी रिकामी ठेवत नाहीत. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. सासरी पोचली की ते तांदूळ शिजवायचे, घरातल्या सगळ्यांनी खायचे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्याकडे असं काही कोणी मला शिकवलंच नव्हतं.

वहिनीला आतल्या खोलीत पाटावर बसवलं. दारातून मला सगळं दिसत होतं. जांभळा खण, पोपटी काठाचा, एका कोपऱ्याला दुकानाचा निळा शिक्का. तिने दोन्ही हातांनी पदर पसरला होता. तिची आई ओंजळीने तांदूळ घालत होती.

"आम्ही जरा सामान लावून घेतो," आई म्हणाली, आणि माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी रुतली.

गाडीचं इंजिन चालूच होतं. बाबांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं. वहिनीची ट्रंक दादाने स्वतः काढून तुळशीजवळ ठेवली, अगदी हळू, आवाज न करता. त्याला ते करायची गरज नव्हती... तिला थोडंच ऐकू येणार होतं?

ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. "साहेब, एक ताई राहिल्या न्हवं?"

"त्या माहेरी राहणार आहेत. चला."

तिला इंजिनाचा आवाजही कळला नसेल, आणि तिच्या आईला वाटलं असेल, गाडी वळवून घेताहेत. ओटी भरून ती बाहेर आली असेल तेव्हा अंगणात फक्त धूळ असेल. मी मागच्या काचेतून बघायला वळले तर आईने माझं डोकं पुढे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुलुंडला पोचलो. कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली बाबांच्या खिशात. त्यांनीच दार उघडलं. मी पाणी प्यायला म्हणून सरळ स्वयंपाकघरात गेले.

देवापुढे पाट मांडलेला होता. पाटावर तांदळाची रास, नारळ, हळकुंड, सुपारी. आणि घडी घातलेला जांभळा खण, पोपटी काठाचा. मी घडी उलगडली. कोपऱ्यात निळा शिक्का होता.

मागून आई आली, तिने बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. पण एका क्षणापुरताच. "शेजारच्या काकूंनी ठेवलं असेल."

"कुलूप होतं, आई."

"मग तू आणलंस. तुझी थेरं ही."

मी माझी बॅग तिच्यासमोर ओतली. त्यात साडी, टॉवेल, कॉलेजचं पुस्तक. दादा दारात उभा राहून बघत होता. "फेकून दे ते," तो म्हणाला.

"अन्न आहे, फेकायचं कशाला?" आईने तांदूळ सुपात भरले. त्या वर्षी रेशनवर मिळायचा त्या तांदळाला कुबट वास यायचा. हा बारीक, हातसडीचा, वासाचा. आईने तो दुपारीच शिजवला आणि नारळ फोडून आमटीला लावला. सगळे जेवले. मीही जेवले, भूक लागली होती. दादाने दोनदा भात घेतला आणि म्हणाला, "झकास झालाय."

पहिला आवाज त्याच संध्याकाळी आला. आम्ही चौघंही बाहेरच्या खोलीत होतो. आत ओट्यावर — दण्ण!

आई सवयीने म्हणाली, "फोड, सगळं..." आणि थांबली.

बाबांनी जाऊन बघितलं. आत कोणी नव्हतं. पातेलं ओट्याच्या मधोमध होतं. ते फळीवरून पडलं म्हणावं तर सरळ बसलेलं, वर झाकणसुद्धा.

मग ते रोजचंच झालं. सकाळी दादाच्या डब्याच्या वेळेला. दुपारी चहाच्या वेळेला. दिसत कोणी नसे. स्वयंपाक आईच करायची, झाडू मीच मारायचे, आयतं काही होत नसे. फक्त आवाज... आणि तोही आम्ही आत नसताना. बाबांनी उंदरांचं औषध ठेवलं. दादा ओव्हरटाइम करायला लागला. आई सगळ्या भांड्यांखाली फडकी घालून ठेवायची. एवढं मात्र व्हायचं, सकाळी ती फडकी दोरीवर वाळत घातलेली असायची, घट्ट पिळून, ओळीने.

महिनाभराने वहिनीचा मामा आला. आईने त्याला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं. "तुमच्या बहिणीने बहिरी मुलगी गळ्यात बांधली," ती म्हणाली.

"ताई, तुमच्याच घरात झाली की ती बहिरी," तो म्हणाला. आईने दार लावलं.

मी दुधाचं निमित्त काढून खाली उतरले. तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता.

"वहिनी कशी आहे?" मी विचारलं. मला भीती होती की तो भलतंच काही सांगेल.

"बरी हाय. जेवती, कामं करती. बोलत मातर न्हाई कुणाशी." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी पदरात ओटी घेऊन उंबऱ्यात बसून ऱ्हायली. गाडी मागं फिरंल म्हणाली. आईनं मला बोलावून घेतलं, लई समजावलं. शेवटी उठली, तर पदर मोकळा. आम्ही सगळं अंगण धुंडाळलं, पोरी. तांदळाचा एक दाणा न्हाई."

मी त्याला सांगितलं. पाट, खण, शिक्का. भात शिजवला तेही सांगितलं.

"खाल्लासा समद्यांनी?"

"हो."

तो जिन्याचा कठडा धरून उठला. त्याने धोतर झटकलं. "मग पोचली ती," म्हणाला, आणि स्टेशनकडे निघून गेला.

वहिनी जिवंत आहे. मी तिला पत्रं लिहिते, तिची उत्तरं येतात. शिवणयंत्र घेतलंय, गावातल्या मुलींची परकर-पोलकी शिवते. ती तिथून कुठेही गेलेली नाही. जिवंत माणूस दोन ठिकाणी कसं असेल? माझ्या सायन्सच्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, गिल्टी कॉन्शन्स. असेलही. पण मग तो खण माझ्या कपाटात आहे, तो कुठून आला? मला याचं उत्तर सापडलेलं नाही. सापडेल असं वाटतही नाही.

गेल्या रविवारी पार्ल्याहून एक जोडपं आलं होतं, दादासाठी मुलगी सांगून. मुलगी बी. ए., चांगलं इंग्लिश बोलते म्हणे. दादा इस्त्रीचा बुशशर्ट घालून बसला होता. वकिलांशी बोलणं झालंय, सहा महिन्यांत मोकळे होतो, असं बाबा सांगत होते.

"पण पहिली गेली कशाने?" मुलीच्या आईने विचारलं. बाई साधी होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आपली पोर द्यायची होती तिला.

"आपणहून गेली हो," आई म्हणाली. "आम्ही इथून कोल्हापूरपर्यंत ट्रेन केली, तिथून गाडी केली, दारापर्यंत पोचवायला गेलो. इतकं कोण करतं? तिलाच नांदायचं नव्हतं."

आत दण्ण झालं.

"कोण आहे आत?"

"मांजर," बाबा म्हणाले.

मग कपबश्या. एकेक बशी ओट्यावर, त्यावर एकेक कप. जोरजोरात, पण नीट, एका लयीत. दादाने डोळे खाली घातले.

"मांजर कप मांडतंय?" मुलीचे वडील हसले. पण बाई हसली नाही. ती आईकडे बघत होती, मग दादाकडे, आणि शेवटी माझ्याकडे. पाहुण्यांत मला कधीच कोणी काही विचारत नाही.

"तू सांग गं," ती म्हणाली. "घरात अजून कोण असतं?"

"ती कॉलेजात असते, तिला काय माहीत," आई म्हणाली, आणि पदराआडून माझं मनगट धरलं.

मी मनगट सोडवून घेतलं. उठले, पॅसेजच्या तोंडाशी गेले, आणि आतपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "वहिनी, बाहेर ये! ही माणसं तुझी चौकशी करताहेत!"