मोंसारेलच्या धुक्यातला गोल

अबिलियो लाकास्ता इतिहासकार झाला तो खाटकाच्या दुकानात, डुकराच्या बरगड्या तोलून घेताना. तो तिथे इतिहासासाठी गेला नव्हता. बायकोनं, ओर्तेन्सियानं, बरगड्या आणायला पाठवलं होतं.

दुकानाची मालकीण प्राक्सेदेस. मोंसारेल गावच्या फुटबॉल क्लबाची अध्यक्षही तीच. दोन्ही कामं ती एकाच आवाजात करायची आणि बहुतेक वेळा हातात तोच सुरा असायचा.

"अबिलियो, तुला पुस्तक लिहायचंय," ती म्हणाली.

"मला? कुणी सांगितलं?"

"मीच सांगतेय ना आता. मे महिन्यात क्लबाला शंभर वर्षं होतात. शंभर वर्षांचा इतिहास हवा, छापील, जाड पुठ्ठ्याचा. शेजारच्या तोरेलोसावाल्यांनी त्यांच्या शंभरीला काढला होता, तसा. त्यांच्यापेक्षा जाड."

"अगं, मी जन्मभर बस चालवली. साधं पत्र लिहायचं तरी ओर्तेन्सिया लिहिते."

"म्हणून तर तू. गावात ज्याला ज्याला लिहिता येतं, त्याला स्वतःचं मत आहे. तुला मत नाही. आणखी काय देऊ? कलेजी ताजी आहे."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. अबिलियोनं एकतीस वर्षं क्लबाची बस चालवली, पण बाहेरगावचा एक सामना म्हणून पुरता पाहिला नाही. मैदानाच्या भिंतीला बस लावायची, मागच्या लांब बाकावर आडवं व्हायचं आणि तोंडावर टोपी ओढायची. परतीचा रस्ता वळणांचा, झोप हवीच. सामना संपला की खेळाडू काचेवर बूट आपटून त्याला उठवायचे. निकाल त्यानं कधी विचारला नाही, वासावरून कळायचा. बसमध्ये लसणीच्या सॉसेजचा वास आला तर जिंकलो, नुसत्या संत्र्यांचा आला तर हरलो. संत्र्यांच्या वासानं त्याला पुढे पुढे मळमळायला लागलं, यावरून क्लबाची कामगिरी समजून घ्यावी.

आणि १९६१ च्या जानेवारीत, ज्या दिवशी मोंसारेलच्या इतिहासातली एकमेव मोठी गोष्ट घडली, त्या दिवशी नऊ वर्षांचा अबिलियो गालफुगीनं अंथरुणात पडला होता. तो गोल ज्यानं पाहिला नाही असा गावात तो एकटाच. मैदानात तीनशे माणसं मावतात, गोल पाहिलेली माणसं आजवर अकराशे भेटली आहेत.

गोल असा: जिल्ह्याच्या चषकाचा अंतिम सामना. समोर पाच किलोमीटरवरचं तोरेलोसा, म्हणजे हाडवैरी. एब्रो नदीवरून धुकं असं चढलं की गोलरक्षकांना स्वतःचे गुडघे दिसेनात. एकोणनव्वद मिनिटं झाली, गोल शून्य. मग एकदम गलका उठला, शिट्टी वाजली आणि चेंडू हरवला. पाच मिनिटं सगळे चेंडू शोधत होते. सापडला तो तोरेलोसाच्या जाळ्यात, खालच्या कोपऱ्यात. चषक मोंसारेलचा!

मारला कुणी? त्याची उत्तरं सात होती. सात घराणी म्हणत होती, आमच्याच माणसानं. त्यातली दोन एकमेकांच्या मयतीलाही जात नसत.

अबिलियोनं डिझेलची नोंद करायची जुनी वही काढली, उरलेल्या पानांवर रेघा मारल्या आणि निघाला.

पहिला सेव्हेरिनो. वय शहाऐंशी, त्या संघातला हयात असलेला एकुलता एक खेळाडू. डोक्यावर केस औषधालाही नाही.

"मी मारला. डोक्यानं," त्यानं टाळू पुढे केली. "हा डाग बघ. शिवण लागलीय चेंडूची."

"हा तर तीळ आहे, सेव्हेरिनोकाका."

"आधी शिवण होती. वयानं तीळ झाला. लिही!"

अबिलियोनं लिहिलं.

मग ओबदुलियाबाई. त्यांचा नवरा वारून वीस वर्षं झाली होती. देव्हाऱ्यात संत अंतोनच्या पायाशी त्याचा फुटबॉलचा बूट ठेवलेला, पुढे मेणबत्ती.

"याच बुटानं मारला माझ्या माणसानं. डाव्या पायानं," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

अबिलियोनं बूट हातात घेऊन सगळीकडून पाहिला. "बाई, हा उजव्या पायाचा आहे."

ओबदुलियाबाईंनी बूट हिसकावून घेतला. "धुकं होतं म्हणून सांगते ना तुला! घाईघाईत काय चढवलं पायात, कुणाला दिसतंय?"

पाच घरं आणखी. पाच गोल आणखी. एक तर छातीनं. वही संपली. अबिलियो घरी येऊन खुर्चीत असा बसला, जणू सातही गोल त्याच्याच पोटावर बसलेत.

ओर्तेन्सिया कांदा चिरत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "शिट्टी कुणी वाजवली?"

"पंचानं."

"मग त्याला विचारायला काय झालं? सबंध गाव पालथं घालून आलास!"

पंच जिवंत होता. नाव कांदिदो बेर्ने, वय एक्याण्णव, मुक्काम तालुक्याच्या गावचा वृद्धाश्रम. अबिलियो गेला तेव्हा म्हातारा तिघांबरोबर पत्ते खेळत होता. खिशातून पिवळं कार्ड काढून तो समोरच्या आजीबाईंना दाखवत होता.

"पत्ता लपवला हिनं. दुसऱ्यांदा. आता लाल दाखवलं तर हिला जेवायला वेगळ्या टेबलावर बसावं लागतं." मग अबिलियोकडे वळून, "तुम्ही कोण? सांत्वनाला आला असाल तर मी अजून मेलेलो नाही."

अबिलियोनं काम सांगितलं. म्हाताऱ्यानं पत्ते पालथे घातले.

"बासष्ट वर्षं वाट बघतोय, कुणी विचारतंय का," तो म्हणाला. "नेमलेला पंच सारागोसाहून मोटारसायकलवर निघाला होता. धुक्यात खड्ड्यात गेला. मैदानात पंचाचा परवाना असलेला माणूस मी एकटा. मी आलेलो प्रेक्षक म्हणून. आमच्या गावच्या पोरांना ओरडून ओरडून धीर द्यायला."

"तुमचं गाव कुठलं?"

"तोरेलोसा."

अबिलियोनं ते लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"तुमच्या अध्यक्षाला म्हटलं, मी नको. तो म्हणाला, कोकरू भट्टीत गेलंय, तीनला जेवण आहे, सामना झालाच पाहिजे. मग काय करता? गळ्यातला मफलर काढला, शिट्टी घेतली. दिसत काहीच नव्हतं. आवाज येईल तिकडे चालायचं, बस्स. शेवटी शेवटी कुठे उभा होतो मलाच ठाऊक नाही. शिट्टी पडली हातातून. ती उचलायला वाकलो आणि मागून चेंडू आला, फाडकन बसला माझ्या बुडावर. कळवळून उभा राहतोय तर लोक चेंडू शोधतायत. मी आधी शिट्टी शोधली, फुंकली. मग चेंडू मिळाला जाळ्यात."

"म्हणजे गोल तुमच्या..."

"माझ्या बुडानं झाला. त्या वेळी नियम साफ होता. पंचाला लागून चेंडू आत गेला तर गोल. पंच म्हणजे मैदानातला धोंडा. मी धोंडा होतो, गोल दिला."

"पण मारला कुणी?"

"माझ्या बुडाला डोळे आहेत का?"

आजीबाई खिंकाळल्या. म्हाताऱ्यानं कार्डाच्या खिशाला हात लावताच गप्प झाल्या.

"आमच्या गावात बोललो असतो तर झाडाला टांगलं असतं," कांदिदो हळू आवाजात म्हणाला. "पण आता टांगणारे सगळे गेले. तुम्ही लिहा. नावासकट लिहा. तरुणपणी अकरा वर्षं खेळलो मी, एक गोल नाही झाला. म्हणून तर पंच झालो. हा एकच आहे माझा."

अबिलियोनं आयुष्यात पहिल्यांदा एक मत बनवलं: हे छापायचं.

प्राक्सेदेसनं ऐकलं आणि सुरा ओंडक्यात असा रुतवला की दोन हातांनी ओढून काढावा लागला.

"तोरेलोसाच्या माणसाच्या ढुंगणानं आपल्याला चषक मिळाला? आणि हे मी जाड पुठ्ठ्यात छापू?"

"खरं आहे ते."

"खरं तू घरी ठेव!"

पण दुकानात मागे चार बायका रांगेत होत्या. जेवणाच्या वेळेपर्यंत बातमी गावभर झाली. संध्याकाळी सातही घराणी चौकातल्या बारमध्ये एका टेबलाला बसली. साठ वर्षांत पहिल्यांदाच. सेव्हेरिनोनं ग्लास वर केला.

"आपल्या सातांपैकी कुणीही मारला म्हणा, पण तो माणूस नको. कबूल?"

"कबूल!" सगळे एका सुरात ओरडले.

"मग ठरलं. मी मारला."

त्याच्या टाळूवर पहिलं ऑलिव्ह बसलं ते ओबदुलियाबाईंचं. मग वाटी आली. मग पर्स. बारवाल्यानं ऑलिव्ह देणं बंद केलं तेव्हा कुठे सभा संपली.

इकडे हे चाललेलं, तोवर खबर पाच किलोमीटर चालून तोरेलोसाला पोचली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या वेशीवर फलक लागला: '१९६१ चा ऐतिहासिक विजयी गोल करणारे कांदिदो बेर्ने यांचं गाव'. त्या गोलानं ते स्वतः हरले होते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बँड लावून फलकाचं उद्घाटन केलं. पेढीवाला, पाववाला, पाद्री, सगळे हजर.

मोंसारेल पेटलं.

"हरले ते हरले, वर गोलही यांचाच!" प्राक्सेदेस दुकानात येरझाऱ्या घालत होती. "अबिलियो, काहीतरी कर. तूच लावलीयस ही आग."

अबिलियोनं टोपी काढली, डोकं खाजवलं. "त्यांच्याकडे फलक आहे. आपल्याकडे शर्ट आहे."

"म्हणजे?"

"कांदिदोला आपल्या संघात घेऊ. जानेवारी एकसष्टपासून. कागद तू लिही, शिक्का तुझ्याकडेच आहे. आपला खेळाडू झाला की गोल आपला."

प्राक्सेदेसनं त्याला एक अख्खं सॉसेज बांधून दिलं. ती सहसा पिशवीसुद्धा देत नसे.

सात घराण्यांची एकच अट होती. सेव्हेरिनोनं ती मांडली. "गोल त्याचा तर त्याचा. पास माझा."

"पास माझ्या माणसाचा!" ओबदुलियाबाई उठल्या. बारवाल्यानं ऑलिव्हची बरणी उचलून आत नेली.

शेवटी अबिलियोनं पुस्तकात वाक्य घातलं ते असं: 'सात जणांनी एकाच वेळी लाथ मारलेला चेंडू बाराव्या खेळाडूनं जाळ्यात धाडला.' सगळ्यांनी ते मोठ्यानं वाचून पाहिलं, आणि प्रत्येकाला आपला पाय त्यात दिसला.

मे महिन्यात सोहळा झाला. मैदानात दोन्ही गावं लोटली. सूर्यफुलाच्या बियांच्या सालींनी पायऱ्या पांढऱ्या झाल्या. कांदिदोला चाकांच्या खुर्चीतून आणलं, अंगात मोंसारेलचा बारा नंबरचा शर्ट आणि गळ्यात तोरेलोसाचा मफलर. दोन्हीकडून आरोळ्या उठल्या. त्याला फक्त चेंडूला पाय लावून सामना सुरू करायचा होता. पण त्यानं आधी रेषेच्या आत उभ्या असलेल्या पाद्रीबाबांना बाहेर काढलं आणि ते सावकाश निघाले म्हणून पिवळं कार्ड दाखवलं. दोन्ही गावांच्या इतिहासात इतक्या टाळ्या पाद्रीबाबांच्या कुठल्याच प्रवचनाला पडल्या नव्हत्या.

तीनशे प्रती छापल्या होत्या. निम्म्या तोरेलोसाच्या लोकांनीच नेल्या. अबिलियोच्या नावाखाली फोटो होता, त्यात तो डोळे मिटलेला आला होता. तरी ओर्तेन्सियानं एक प्रत दिवाणखान्यात उभी करून ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती पुसायच्या निमित्तानं दाखवू लागली.

आठवड्यानं वृद्धाश्रमातून पत्र आलं. थरथरत्या अक्षरात दोनच ओळी. 'पान सत्तेचाळीस. चेंडू बुडाच्या डाव्या बाजूला नव्हे, उजव्या बाजूला लागला. दुरुस्ती व्हावी. कांदिदो बेर्ने, खेळाडू.'

"पण मी त्याला बाजू विचारलीच नव्हती," अबिलियो म्हणाला.

"मग डावी कुठून आणलीस?"

"वाक्याला बरी दिसत होती."

ओर्तेन्सियानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मुकाट्यानं पेन शोधलं. शिल्लक प्रती स्वयंपाकघरातल्या टेबलावर रचून दोघं बसली. ती पान काढून द्यायची, तो 'डाव्या' खोडून 'उजव्या' लिहायचा. विकल्या गेलेल्या प्रतींसाठी तो दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर निघाला. वरच्या खिशात पेन. आधी मोंसारेलची घरं, मग तोरेलोसाचा रस्ता. दार वाजवायचं, टोपी काढायची आणि म्हणायचं, "माफ करा, जरा पंचाचं बूड बघायचंय."

दारं पटापट उघडत होती. बहुतेक घरांत आधी वाइन पुढे येत होती, पुस्तक मागाहून.