राजाची अडीच घरं

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींची चेष्टा करणाऱ्यांपैकी आहे. कुणी करणी-बाधेचा विषय काढला की आमच्या घरात सगळ्यात आधी मीच फिदीफिदी हसते. त्यात कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवते, म्हणजे 'मशीन सांगितल्याशिवाय काही करत नाही' हे रोज ओरडून सांगणं हाच माझा धंदा! तरीपण ही गोष्ट... वाचा आणि तुम्हीच सांगा.

आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, कोल्हापुरात गुजरीत चांदीचं दुकान. आता भाऊ बघतो. हुपरीचे भूपालकाका त्यांना पैंजण करून द्यायचे. दर रविवारी काका बसनं आमच्या घरी यायचे आणि दोघं बुद्धिबळ मांडायचे. काका जैन, म्हणून रविवारी आमच्या घरात मटण बंद. कोल्हापुरात, रविवारी! आता बोला.

डाव कायम ठरलेला. अण्णा आधी राजासमोरचं प्यादं, मग घोडा, मग उंट काढणार. काका घोड्यासमोरचं प्यादं एक घर पुढं सरकवणार आणि त्या रिकाम्या जागेत राजा उडी मारून बसवणार. आपल्या जुन्या देशी खेळात राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते ना, तीच ही.

पण गेल्या वर्षी अण्णांनी मोबाइलवर कुठंतरी नियम ऐकले आणि ऐन डावात काकांचा हात धरला.

"भूपाल, ही उडी आंतरराष्ट्रीय नियमात बसत न्हाय."

"मग? आपुन काय आंतरराष्ट्रीय हाय व्हय रं?"

शब्दानं शब्द वाढला. काका चहा तसाच टाकून गेले ते गेलेच.

दोघंही सत्तरीचे, दोघंही हट्टी. आधी फोन कुणी करायचा? रविवारी बसच्या वेळेला अण्णा उगीचच गॅलरीत जाऊन उभे राहायचे. भाऊ एकदा म्हणाला, आता तरी मटण करूया. तर अण्णा कडाडले, "रविवारी न्हाय म्हणजे न्हाय!" मला तर त्यांच्याकडं बघून रडूच यायचं.

शेवटी मीच लॅपटॉपवर बुद्धिबळाचा प्रोग्रॅम टाकून दिला. अण्णा त्याला डबडं म्हणायचे, पण खेळायचे. तीच सुरुवात – प्यादं, घोडा, उंट. प्रोग्रॅम आपला शहाण्यासारखा राजा हत्तीच्या आडोशाला न्यायचा. अण्णा जांभई द्यायचे.

एका रविवारी दुपारी मी शेजारीच मटार सोलत बसले होते. अण्णांनी उंट काढला. पलीकडून घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकलं. "भूपालची चाल," अण्णा पुटपुटले आणि त्यांनी आपलं एक प्यादं हलवलं. आणि पुढच्या क्षणी प्रोग्रॅमचा राजा टुणकन उडाला, थेट त्या रिकाम्या जागेत जाऊन बसला!

अहो, माझ्या डोळ्यांदेखत! हातातली मटारची ताटली खाली पडली माझ्या. त्या प्रोग्रॅममध्ये तसली चाल होऊच शकत नाही. मी फोटो काढला, पण क्लासवरचे म्हणतात, राजा एकेक घर चालत गेला असेल. नाही हो... उडालाच!

अण्णा असे हसले, असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तसाच फोन लावला त्यांनी, स्पीकरवर.

"भूपाल, लेका, आंतरराष्ट्रीय मशीनबी तुझ्यासारखंच उड्या मारतंय की! चुकलं माझं. ये."

तिकडून काका म्हणाले, "च्या टाकायला सांग. निघालोच."

नंतर मी तीच सुरुवात कितीतरी वेळा करून बघितली. प्रोग्रॅम काढून परत टाकला. राजा हातानं ओढून बघितला, तर तो मुकाट्यानं आपल्या जागेवर परत येतो. त्या दुपारी काय झालं, मला अजूनही सांगता येत नाही. क्लासवर ते ठरलेलं वाक्य बोलताना हल्ली मी जरा अडखळते, एवढं खरं.

काका आता दर रविवारी येतात. लॅपटॉप बंद, लाकडी पट सुरू. काकांचं प्यादं सरकलं की त्यांनी हात लावायच्या आधी अण्णाच त्यांचा राजा उचलतात आणि अडीच घरं पलीकडं नेऊन ठेवतात. मी हसले, तर म्हणाले, "परत भांडाण नको बाई. दर टायमाला आमच्यासाठी कोण उडी मारणार?"